शियाच्या मुलखात: उत्तर घानातला प्रवास

शनिवार, आक्रा

मुंबईहून अदिस अबाबा आणि तिथून घानाची राजधानी आक्रा. जूनचा पहिला पंधरवडा होता. हवा दमट, आभाळ भरलेलं. सामान खोलीवर टाकलं आणि सरळ मकोला बाजार गाठला.

मी पुण्यात घरगुती साबण आणि मलमं करते. शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी, गेली कित्येक वर्षं माझ्या कामात आहे. आमच्याकडे ते प्लास्टिकच्या बादलीतून येतं, पांढरंशुभ्र आणि बिनवासाचं. ते कुठल्या गावातून निघालं, कुणी काढलं, हे बादलीवरच्या लेबलावरून कधी कळलं नाही. ते स्वतः जाऊन पाहायचं होतं.

मकोलात एका बाईंसमोर दोन ढीग होते, एक हस्तिदंती आणि एक पिवळाधमक. पिवळंच अस्सल, असं आपल्याकडे ऑनलाइन विकणारे बिनदिक्कत सांगतात. बाईंनी सरळ सांगितलं की तो रंग एका मुळीचा, लोणी काढताना घातलेला. हाताने काढलेलं कच्चं शिया मुळात फिकटच असतं, आणि त्याला किंचित धुरकट, भाजलेल्या बियांसारखा वास असतो. हा वास उडवून टाकला की बादलीतलं पांढरं शिया तयार होतं. घानाच्या दक्षिणेत याला न्कुतो म्हणतात, फ्रेंच बोलणाऱ्या शेजारच्या देशांत कारिते. पण आक्राच्या आसपास शियाचं झाड शोधून सापडायचं नाही. त्याला उत्तरेतला कोरडा गवताळ मुलूख लागतो.

रविवार, आक्रा ते तामाले

बस पहाटे सुटली ती रात्री उत्तरेतल्या तामाले शहरात पोचली. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर. कुमासीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाट हिरवाई होती, कोको, केळी, पामची झाडं. किंताम्पो मागे पडलं तसं रान विरळ होत गेलं, माती तांबडी झाली आणि माळावर सुटी सुटी झाडं दिसू लागली. सोबत तामालेच्या युनिव्हर्सिटी फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये शिकणारी एक मुलगी होती. पुढचे सगळे दिवस तीच माझी दुभाषी. खिडकीबाहेर बोट दाखवत ती म्हणाली, "ही बघा, सुरू झाली."

जाड साल, खोल चिरा पडून चौकोनी तुकड्यांत फाटलेली. ही सालच झाडाला गवताच्या वणव्यातून वाचवते. पानं लांबट, फांदीच्या टोकाशी झुबक्याने आलेली. मेळघाटात किंवा गडचिरोलीत मोह पाहिलेल्या माणसाला हे झाड परकं वाटणार नाही, आणि त्याला कारणही आहे. शिया, मोह आणि चिकू एकाच कुळातले, सॅपोटेसी कुळातले. एके काळी तर शास्त्रज्ञांनी मोह आणि शिया एकाच वंशात, बॅसियात, घातले होते. मोह म्हणजे बॅसिया लॅटिफोलिया आणि शिया म्हणजे बॅसिया पार्की. आज शियाचं शास्त्रीय नाव व्हिटेलारिया पॅराडॉक्सा आहे. जुन्या नावातला 'पार्की' हा मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशावरून आला. १७९६ च्या जुलैमध्ये नायजर नदीकाठच्या सेगूहून पुढे जाताना त्याने लोकांना शियाची फळं वेचताना पाहिलं. हे लोणी गाईच्या उत्तम लोण्याहूनही त्याच्या जिभेला आवडलं आणि मिठाशिवाय वर्षभर टिकतं, याचं त्याला अप्रूप वाटलं.

झाडं शेतात उभी होती, पण ओळीत एकही नव्हतं. मका, भुईमूग, याम यांच्या मधोमध, जिथे उगवलं तिथे. दुभाषी म्हणाली, शेतासाठी रान साफ करताना बाकीचं तोडतात, शिया ठेवतात. तिच्या आजोबांनी ठेवलेली झाडं आज तिची काकू वेचते. बियांपासून आलेल्या झाडाला पहिली फळं धरायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात, पूर्ण भरात यायला चाळीस-पन्नास, आणि आयुष्य दोनशे वर्षांपर्यंत. म्हणजे जो माणूस रोप राखतो तो बहुतेक दुसऱ्यासाठीच राखतो. सेनेगलपासून युगांडा-इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या पोटावरून गेलेला या झाडांचा पट्टा अशाच राखणीतून टिकला.

किती जुनी ही राखण? शियाच्या जाहिरातीत क्लिओपात्रा हमखास असते. मला तिच्यापेक्षा बुर्किना फासोमधलं किरिकोंगो जास्त मोलाचं वाटतं. तिथल्या उत्खननात शियाच्या बियांची टरफलं इसवी सन १०० च्या आसपासच्या थरांपासून मिळत गेली आहेत. त्या राणीची गरज नाही. कुठल्या तरी घरामागे बसून बिया फोडणाऱ्या बायका हा याहून पक्का पुरावा आहे.

बुइपेला काळी व्होल्टा नदी ओलांडली, यापेईला पांढरी व्होल्टा. तामालेत पोचलो तेव्हा वीज चमकत होती.

सोमवार, तामाले

दिवस ओळखीपाळखीत गेला. शहरभर पिवळ्या तीनचाकी धावतात, आणि त्यातल्या कितीतरींच्या नाकावर बजाजचं नाव. दुपारी तुओ झाफी खाल्लं. मक्याच्या पिठाचा मऊ गोळा, वर अयोयोच्या पानांचं बुळबुळीत कालवण. स्वयंपाकाला शियाचं तेल वापरलं होतं. इथे ते आधी खाण्याचं आहे, मग लावायचं. सकाळी भेटलं की "दासिबा" म्हणायचं आणि समोरच्याने "नाआ" म्हणायचं, एवढं दागबानी शिकून घेतलं. रात्री वादळी पाऊस झाला. दुभाषीचा फोन आला, "पहाटे चारला तयार राहा. वाऱ्याने फळं पडली असतील."

मंगळवार, गावात

पिकलेलं फळ झाडावरून तोडत नाहीत, खाली पडलेलंच घ्यायचं. म्हणून पहाटेची घाई. शेळ्या-मेंढ्या सुटायच्या आत आणि दुसरी कुणी येण्याच्या आत. आम्ही पोचलो तेव्हा अंधारात शेतभर दिवे हलत होते. बायकांनी डोक्याला बॅटऱ्या बांधल्या होत्या, काहींच्या पायात गमबूट होते, पुष्कळजणींच्या पायात साध्या स्लिपर. गवत पोटरीपर्यंत आणि ओलं. या गवतात फुरशाच्याच जातकुळीचा साप असतो. रत्नागिरीकडच्या माणसाला फुरसं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एका बाईंनी काठीने गवत चाळवून मग हात घालायचा, हे मला तीन-तीनदा बजावलं.

फळ हिरवट-पिवळं, बोटांनी दाबलं की सहज फुटणारं. गर गोड, थोडासा पिठूळ. मुलं वेचता वेचता खात होती, आणि त्यात नुसती हौस नव्हती. जून म्हणजे मागच्या हंगामाचं धान्य संपत आलेलं आणि नवं शेतातच. या दिवसांत शियाचा गर अनेक घरांत पोटाला आधार असतो. आत एकच बी असते, तपकिरी आणि चकचकीत, एका बाजूला फिकट खरबरीत डाग. चिकूची बी हातात धरा, तसाच डाग तिच्यावर दिसेल. हे त्या कुळाचं लक्षणच. वटवाघळं गर खाऊन बी लांबवर टाकतात, त्यामुळे कुठल्याशा पडीक जागी अचानक शियाचं रोप उभं राहतं.

डोक्यावर भरलेलं घमेलं घेऊन बायका घरी परतल्या तेव्हा आठ वाजले होते. मग बी वेगळी करून मोठ्या हंड्यात उकळायची. बी उकळली नाही तर रुजायला लागते, आतली चरबी फाटते आणि लोण्याला खवट वास येतो. उकळून झाल्यावर कितीतरी दिवस उन्हात वाळवायची, टरफल फोडायचं, मगज पुन्हा वाळवायचं. पावसाळ्यात ऊन मिळवणं किती कटकटीचं असतं! ढग दिसला की अंगणभर धावपळ, ऊन आलं की पुन्हा पसरणं. दुपारपर्यंत तीनदा झालं. सगळ्या प्रक्रियेतला मला सगळ्यात कळीचा वाटलेला टप्पा हाच. लोण्याची प्रत कारखान्यात ठरत नाही, ती या अंगणात ठरते. ओलसर राहिलेल्या मगजाला बुरशी धरली की पुढे कुणीही काहीही केलं तरी ते लोणी चांगलं निघत नाही.

बुधवार, लोणी

गावातला बायकांचा गट शेडमध्ये काम करतो. गटाच्या प्रमुखाला मागाजिया म्हणतात. या मागाजिया साठीच्या घरातल्या, आवाज खणखणीत. मी त्यांना सगळ्यांसारखं "म्मा" म्हणत होते, आई या अर्थाने.

मागच्या हंगामातलं मगज आधी फोडून भरड केलं. मग हाताने फिरवायच्या पत्र्याच्या पिंपात भाजलं. इथे वास पालटतो. भाजणारं शिया थेट चॉकलेटच्या वासाचं येतं, धुरासकट. किती भाजायचं याला घड्याळ नाही, एक बाई पिंपाजवळून हलत नाही आणि रंग आणि वास यांवर ठरवते. पुढे गिरणीत दळून त्याचा दाट तपकिरी लगदा होतो.

मग मळणं. हेच खरं काम. मोठ्या टबात लगदा घेऊन बाई गुडघे टेकून बसते आणि कोपरापर्यंत हात घालून गोल गोल फेटते. थोडं पाणी, फेटणं, पुन्हा थोडं पाणी. कधी कोमट, कधी गार, हाताला जे जाणवेल त्याप्रमाणे. मीही हात घातला. सुरुवातीला लगदा जड आणि तेलकट, बोटांतून सुटता सुटत नाही. बराच वेळ काही घडत नाही. खांदे भरून येतात. मग केव्हातरी तपकिरी रंग करडा होऊ लागतो, करड्याचा मळकट पांढरा, आणि लगदा हलका, फुगीर होतो. त्या क्षणी शेजारच्या बाईने माझा हात बाजूला केला, भराभर गार पाणी ओतलं आणि पांढरा फेसाळ गोळा वर तरंगून आला. खाली काळपट पाणी. गोळे काढून स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुतले, मग मोठ्या भांड्यात चुलीवर चढवले. लोण्याचं तूप कढवतात तसंच पुढचं सगळं. पाणी उडतं, बेरी तळाला बसते, वर सोनेरी तेल निवळतं. ते गाळून गार करत ठेवतात आणि घट्ट होताना ढवळत राहतात. ढवळलं नाही तर त्यात रवाळ कण धरतात. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी शिया बटर रवाळ झालं असेल तर ते खराब झालेलं नाही. मंद आचेवर पूर्ण वितळवा आणि झटकन गार करा, पुन्हा मऊ होईल.

हाताने काढलेल्या एक किलो लोण्याला साधारण तीन ते चार किलो मगज लागतं. वर पाणी, सरपण आणि हे मळणं. चूल टरफलांवर पेटते, वाळलेला चोथाही जळणाला जातो. उरलेलं काळं पाणी आणि चोथा भिंतींना लिंपतात, पावसात माती धुपत नाही. एका घराची नुकती लिंपलेली भिंत तळव्याने चोळून पाहिली, मेणचट गुळगुळीत होती. १३५२ साली मालीकडे जाताना इब्न बतूताने ज्या घार्ती फळाच्या तेलाबद्दल लिहिलं, त्याचा उपयोग त्याने असाच सांगितला आहे. तळायला, दिव्याला, अंगाला, आणि मातीत कालवून घरं सारवायला.

जाताना मी कोकमाचं मुठेल नेलं होतं. कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावतात तो कडक फिकट गोळा. मागाजियांनी नखाने खरवडला, तळहातावर घासला, जवळ बसलेल्या सगळ्यांच्या हातून फिरवला. "फार कडक. पण चांगलं आहे, वास नाही. हे कोण काढतं?" बायकाच, मी म्हटलं, बिया कुटून, पाण्यात उकळून. पुढचा प्रश्न लगेच आला, "आणि पैसे कुणाच्या हातात येतात?" या प्रश्नाचं उत्तर देताना मी आमच्याकडच्या ओळखीच्या बचतगटांबद्दल सांगत राहिले, आणि त्या मध्ये मध्ये खोदून विचारत राहिल्या. माप कोण घालतं, भाव कोण सांगतं, उधारी किती दिवसांची.

गुरुवार, बाळाची मालीश

सकाळी एका घरी बाळंतिणीकडे गेलो. आजीने पाय लांब करून त्यावर बाळ पालथं घेतलं, तळहातावर शिया चोळून वितळवलं आणि पाठीवरून, मांड्यांवरून, डोक्यावरून हात फिरवायला लागली. मग पायाची घडी, हातांचा ताण. आपल्याकडची बाळंतिणीच्या घरी येणारी मालीशवाली मावशी याहून वेगळं करत नाही. तेल तेवढं वेगळं.

शिया अंगाला का मानवतं, याचं उत्तर त्याच्या घडणीत आहे. त्यातली बहुतेक चरबी स्टिअरिक आणि ओलेइक या दोन आम्लांची. स्टिअरिकमुळे ते घट्ट राहतं, ओलेइकमुळे पसरतं. ते साधारण अंगाच्या उष्णतेला वितळतं, म्हणून हातावर घेतलं की लगेच मऊ होतं. त्वचेवर पातळ थर धरून ते आतलं पाणी उडू देत नाही, आणि कोरड्या त्वचेचं निम्मं दुखणं तिथेच थांबतं. पण खोबरेल किंवा इतर तेलांपेक्षा त्याचं वेगळेपण साबण करताना साबण न होता तसाच उरणाऱ्या भागात आहे. बहुतेक तेलांत हा भाग जेमतेम एक-दोन टक्के असतो, शियात तो पाच टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. त्यात ट्रायटर्पीन अल्कोहोल आणि त्यांचे सिनॅमिक आम्लाशी झालेले संयोग असतात. प्रयोगशाळेत त्यांनी दाह कमी केल्याचं दिसलं आहे. सोबत थोडं ई जीवनसत्त्वही.

सिनॅमिक संयोग अतिनील किरणं थोडीफार शोषतात, आणि तेवढ्यावरून शियाला सनस्क्रीन म्हणून विकणारे आहेत. तसं ते नाही. उन्हात जाताना सनस्क्रीन वेगळंच लावायला हवं. इसबाच्या त्वचेला ओलावा टिकवायला त्याची मदत होते, पण औषध डॉक्टरांचंच. तेलकट, मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर मी कुणाला ते जपूनच वापरायला सांगते. टाचा, कोपरं, ओठ, हिवाळ्यातल्या नडग्या, सतत पाण्यात असणारे हात, इथे मात्र त्याच्या तोडीचं फार थोडं काही मी वापरलं आहे. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच हरभऱ्याएवढं घ्यायचं, तळहातांत वितळवायचं आणि दाबून लावायचं. कोरड्या अंगावर भरमसाट चोपडलं तर नुसतं चिकटतं.

इथल्या लोकांना हे कुणी शिकवावं लागलेलं नाही. नोव्हेंबरपासून सहारातून हरमाटान वारा येतो, महिनोन्‌महिने धूळ आणि कोरड. ओठ फुटतात, पायांना भेगा पडतात. दुभाषी म्हणाली, शाळेत जाताना आई दाराशी उभं करून तोंडाला, गुडघ्यांना शिया लावल्याशिवाय सोडायची नाही.

शुक्रवार, भाव

दुपारी नमाजासाठी काम बंद. त्याआधी व्यापाऱ्याचा ट्रक आला. त्याला लोणी नको होतं, मगज हवं होतं. पोती रचली जात होती, भाव मापाच्या भांड्यावर ठरत होता, काट्यावर नाही, आणि भांडं काठोकाठ भरून वर शीग. मागाजिया जवळच उभ्या होत्या, शीग जरा जास्त झाली की त्यांचा आवाज चढायचा.

शियाचं मगज बहुतांश परदेशी जातं, आणि ते चेहऱ्याच्या क्रीमसाठी कमी, चॉकलेटसाठी जास्त. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज इतर वनस्पतिजन्य चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालते, आणि त्यासाठी सहाच चरब्या मान्य आहेत. त्यांत शिया आहे, आणि आपल्याकडचे साल, कोकम आणि आंब्याची कोयही आहे. ही यादी मी बायकांना सांगितली तेव्हा एकजण म्हणाली, "म्हणजे तुमच्या बायका आणि आम्ही एकाच वडीत आहोत."

कच्चं मगज विकलं तर पैसा लगेच मिळतो. लोणी काढून विकलं तर जास्त मिळतो, पण त्यासाठी गिरण, पाणी, साठवण आणि थांबण्याची ताकद लागते. शाळेची फी जूनमध्ये भरायची असते, लोण्याचे पैसे सप्टेंबरात येऊन उपयोग नाही. नायजेरियाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कच्च्या मगजाची निर्यात सहा महिन्यांसाठी थांबवली, ती प्रक्रिया देशातच व्हावी म्हणून. हेतू मला पटतो. पण वेचणाऱ्या बाईला त्या मधल्या महिन्यांत रोख पैसा कुठून मिळेल, याची सोय आधी हवी. घेणारा थांबला तर ती थांबू शकत नाही.

आम्ही ग्राहक एवढं तरी करू शकतो. 'शुद्ध', 'सेंद्रिय' हे शब्द वाचून न थांबता विकणाऱ्याला विचारायचं, कुठल्या देशातलं, हाताने काढलेलं की कारखान्यातलं, कुठल्या गटाकडून घेतलं. ज्याला माहीत असतं तो आनंदाने सांगतो.

शनिवार, परतीची तयारी

गटाकडून थेट लोणी घेतलं. भाव मागाजियांनी सांगितला, मी घासाघीस केली नाही. गोळा हातात घेऊन वास पाहिला, कणभर जिभेवर ठेवला. खवटपणा जिभेला सगळ्यात आधी कळतो. त्यांची एक अट होती, माझ्या डब्यांवर गावाचं नाव छापायचं. दुभाषीने ते कागदावर नीट अक्षरांत लिहून दिलं.

तामालेकडे येताना रस्त्याकडेला कोळशाची पोती उभी होती, ओळीच्या ओळी. शियाचं लाकूड कठीण, कोळसा चांगला होतो, आणि भूक आजची असते. धोक्यात असलेल्या झाडांच्या जागतिक यादीत शियाची नोंद असुरक्षित म्हणून आहे. बोले इथे घानाच्या कोको संशोधन संस्थेचं उपकेंद्र शियाच्या कलमांवर काम करतं. कलमी झाड बीच्या झाडापेक्षा पुष्कळ लवकर फळतं.

गटानेही आपल्या परीने सुरुवात केली आहे. जमीन पुरुषांच्या नावावर, म्हणून बायकांनी गावच्या प्रमुखाकडे जाऊन शाळेमागची पडीक जागा मागून घेतली. तिथे बियांपासून लावलेली गुडघाभर उंचीची रोपं आहेत, भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून राखणीच्या पाळ्या लावल्या आहेत. या शनिवारी पाळी मागाजियांच्या सुनेची होती.